बटेरच्या पेशींचा माग काढताना

कातडीतली रंगपेशी, कण्याशेजारच्या गुच्छातली चेतापेशी आणि तिच्या तंतूभोवती वेढे घालून बसलेली श्वॉन पेशी. या तिघींच्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली एकामागून एक पाहिल्या तर त्या एकाच कुळातल्या आहेत असं कुणी म्हणणार नाही. एकीच्या पोटात काळे कण, दुसरीचं केंद्रक मोठं आणि फिकट, तिसरी लांबोळकी आणि बारीक. त्यांच्यात जबड्याच्या कूर्चेची पेशी आणि दाताचं डेंटिन बनवणारी पेशी आणून बसवली तर गोंधळ आणखी वाढतो. आणि तरी भ्रूणविज्ञानाचं कोणतंही पुस्तक ठामपणे सांगतं की या सगळ्या न्यूरल क्रेस्ट नावाच्या, भ्रूणातल्या पेशींच्या एका पट्टीतून निघाल्या.

एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षी ही यादी आम्ही तोंडपाठ केली होती. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न होता तो. मार्क मिळाले, पण एक गोष्ट मला स्वस्थ बसू देईना. हे कळलं कसं? भ्रूणातली पेशी एका जागेवरून निघून दुसरीकडे जाते तेव्हा मागे काही खूण ठेवत नाही. तिसऱ्या दिवसाच्या भ्रूणाचा काप घ्या, पाचव्या दिवसाचा घ्या, प्रत्येक कापात पेशी आहे तिथेच दिसते. कुठून आली ते दिसत नाही.

दुसऱ्या वर्षी प्रकल्पाचा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा मी हाच प्रश्न मॅडमसमोर ठेवला. त्या म्हणाल्या, "फ्रान्समध्ये एका बाईंनी हे बटेर आणि कोंबडीच्या अंड्यांवर दाखवून दिलं. त्याला महागडी अँटिबॉडी लागत नाही, मोठी यंत्रं लागत नाहीत. पातळ काप काढायचा मायक्रोटोम आपल्याकडे आहे, इन्क्युबेटर आहे. हात बसायला मात्र वेळ लागेल. तयारी असेल तर नागपुरातही होईल." माझी तयारी होती.

भ्रूणात काय घडतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. कोंबडीचं फलित अंडं ३८ अंशांवर ठेवलं की पहिल्या दिवसाच्या शेवटी बलकावरच्या चकतीत मधोमध एक लांबट पट्टी जाड होते. हा भावी मेंदू आणि मज्जारज्जू. पट्टीच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात आणि मध्यरेषेवर येऊन चिकटतात. करंजीच्या दोन कडा जुळवून मुरड घालावी तशा. आत जी पोकळ नळी तयार होते ती न्यूरल ट्यूब, आणि वरचं आवरण म्हणजे भावी कातडी. आमच्या पेशींचा, म्हणजे न्यूरल क्रेस्टचा, जन्म बरोबर त्या मुरडीवर होतो. त्या धड नळीच्या नसतात, धड कातडीच्या नसतात.

हे काठावरच का घडतं? आजूबाजूच्या ऊतींकडून बीएमपी, डब्ल्यूएनटी आणि एफजीएफ या प्रथिनांचे संकेत येत असतात. त्यांची जी मात्रा काठावर जुळते ती मधेही जुळत नाही आणि बाहेरही नाही. त्या मात्रेला काठावरच्या पेशींतली पॅक्स३, पॅक्स७, एमएसएक्स, झिक ही जनुकं आधी जागी होतात. मग स्नेल२, फॉक्सडी३, सॉक्स९, सॉक्स१० ही दुसरी फळी. शेजारणीला धरून ठेवणारी कॅडहेरिन प्रथिनं बदलतात, खालचा पातळ पडदा जागोजागी विरतो, आणि एरवी आयुष्यभर रांगेत राहिली असती ती पेशी सुटी होऊन चालू लागते. तिचा आकारसुद्धा बदलतो. एका बाजूला पाय फुटल्यागत ती पसरते, चाचपडते, सरकते.

स्विस शरीररचनातज्ज्ञ विल्हेल्म हिस यांनी १८६८ मध्ये कोंबडीच्या भ्रूणात ही पट्टी पहिल्यांदा नोंदवली, नळी आणि कातडी यांच्या मधली पट्टी म्हणून. कण्याशेजारचे चेतागुच्छ हिच्यातून येतात हे त्यांनी ओळखलं. इथवर कुणाची हरकत नव्हती. खरा वाद उभा केला ज्युलिया प्लॅट या अमेरिकन संशोधिकेनं. १८९३ मध्ये नेक्चुरस या सॅलॅमँडरच्या भ्रूणांवर काम करून तिनं लिहिलं की डोक्यातली काही कूर्चा आणि दाताचं डेंटिन बाह्यस्तरातून, म्हणजे कातडी आणि मज्जासंस्था होते त्या भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून येतं. भ्रूणाच्या प्रत्येक थरातून ठरलेल्याच ऊती होतात, हा जंतुस्तरांचा सिद्धांत त्या काळी म्हणजे दगडावरची रेघ होती. कूर्चा आणि हाडं मध्यस्तरातूनच यायला हवीत, बाह्यस्तरातून येणं शक्यच नाही, असं मोठमोठे प्राध्यापक सांगत होते. प्लॅटचं म्हणणं झिडकारलं गेलं. विद्यापीठात तिला नोकरी मिळाली नाही. ती कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्ह गावी जाऊन राहिली आणि १९३१ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, तिथली महापौर झाली. तिथल्या किनाऱ्यावरचे समुद्री जीव वाचवण्यासाठी तिनं केलेलं काम आजही टिकून आहे. १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये हर्स्टाडियस आणि सेलमन यांनी उभयचरांच्या भ्रूणांवर काम करून डोक्यातल्या कूर्चेचा प्रश्न प्लॅटच्या बाजूनं सोडवला. तिचा निबंध वाचताना मला राग आला होता आणि अभिमानही वाटला होता. प्रकल्पाच्या वहीच्या पहिल्या पानावर मी तिचं नाव लिहून ठेवलं.

मॅडम ज्यांच्याबद्दल बोलत होत्या त्या निकोल ल दुआरँ. १९६९ मध्ये त्यांनी एक साधी दिसणारी गोष्ट वापरात आणली. बटेरच्या पेशीच्या केंद्रकात डीएनएचा मोठा भाग मधोमध एका गोळ्यात गच्च बसलेला असतो. कोंबडीच्या केंद्रकात तो सगळीकडे विखुरलेला असतो. डीएनए रंगवणारा फॉइलगेन रंग दिला की बटेरच्या केंद्रकात ठसठशीत किरमिजी ठिपका दिसतो, कोंबडीच्या केंद्रकात दिसत नाही. म्हणजे बटेरच्या न्यूरल ट्यूबचा तुकडा कोंबडीच्या भ्रूणात त्याच जागी बसवला, तर त्यातून निघालेली प्रत्येक पेशी स्वतःची खूण स्वतःच्या पोटात घेऊन फिरेल. ती खूण पुसत नाही, पातळ होत नाही, शेजारच्या पेशीला लागत नाही. पेशी कितीही वेळा विभागली तरी तिच्या लेकींच्या केंद्रकात ती असतेच. रंगाचे थेंब टाकून माग काढणाऱ्यांना जे साधत नव्हतं ते यात साधलं.

आता नागपुरातली गोष्ट. काम हिवाळ्यातच करायचं, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं. कारण साधं आहे. अंडं उबवायला ठेवेपर्यंत भ्रूणाची वाढ थांबलेली राहावी म्हणून ते थंड जागी, साधारण १५ ते १८ अंशांवर ठेवावं लागतं. विशीच्या वर तापमान गेलं की पेशी हळूहळू विभागू लागतात. आपल्याकडे मे महिन्यात, नवतपा लागला की पारा ४५ च्या आसपास असतो. अशा उन्हात गाडीवरून अंडी आणली तर वाटेतच त्यांची वाढ सुरू होणार, तीही वाकडीतिकडी. चाळीसच्या वर खोलीचं तापमान गेलं की इन्क्युबेटरला गरम करायचं माहीत असतं, गार करायचं नाही. कूलर लावावा तर दमट हवेनं काचेच्या उपकरणांवर बुरशी येते. डिसेंबर-जानेवारीत मात्र नागपूर या कामाला फार चांगलं. रात्री दहा अंशांपर्यंत उतरणारी थंडी, कोरडी हवा, आणि सकाळी सातला अंडी आणली तर ती गारच असतात.

बाजारातलं अंडं उपयोगाचं नाही, कारण तिथे कोंबड्यांसोबत कोंबडा नसतो. पांढऱ्या लेगहॉर्नची फलित अंडी उबवणी केंद्रातून मिळाली. बटेरसाठी हिंगण्याच्या पुढे एक पाळणारे गृहस्थ सापडले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "खायची पाहिजे का मशीनमधी लावाची?" लावायची म्हटल्यावर त्यांनी स्वतः पिंजऱ्यापाशी नेलं, नर-मादी एकत्र असलेले पिंजरे दाखवले आणि आदल्या रात्रीची अंडी थर्माकोलच्या डब्यात भुश्यात रचून दिली. बटेरची अंडी करड्या रंगाची, वर तपकिरी-काळे शिंतोडे, अंगठ्याच्या पेराहून थोडी मोठी. विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की मोर्च्यांमुळे सीताबर्डीकडचे रस्ते बंद होतात, म्हणून त्या दिवसांत मी उजाडायच्या आत निघायचे. अंडी आणल्यावर लगेच उबवायला ठेवायची नाहीत, जाडसर टोक वर करून काही तास स्थिर राहू द्यायची, हे त्या गृहस्थांनीच शिकवलं. रस्त्यावरच्या हादऱ्यांनंतर ही विश्रांती दिली तर भ्रूण जास्त जगतात, हा अनुभव मलाही आला.

प्रयोगाची परवानगी मॅडमनी आधीच घेतली होती. एकही भ्रूण अंड्यातून बाहेर येईपर्यंत वाढवायचं नाही, हा आमचा ठरलेला नियम होता.

पहिला महिना फक्त खिडकी पाडण्यात गेला. अंडं आडवं ठेवून उबवलं की भ्रूण वरच्या बाजूला येतं, अगदी कवचाला लागून. कवच तसंच कापलं तर कात्री थेट त्यालाच लागणार. म्हणून आधी टोकाकडून सिरिंजनं दोन-तीन मिलिलिटर पांढरं काढून घ्यायचं. बलक खाली बसतो, वर पोकळी होते. मग वरच्या कवचावर चिकटपट्टी लावून टोकदार कात्रीनं लंबगोल खिडकी कापायची. पट्टीमुळे कवचाचे कण आत पडत नाहीत. आत पिवळ्या बलकावर पारदर्शक भ्रूण असतं आणि पहिल्यांदा ते दिसतच नाही. पातळ केलेली काळी शाई बारीक सुईनं त्याच्या खाली सोडली की एकदम सगळं समोर येतं.

त्या दृश्याजवळ थोडं थांबते, कारण मी ते कितीदा पाहिलं तरी माझं मन भरलं नाही. काळ्या पार्श्वभूमीवर दोन दिवसांचं भ्रूण, चार-पाच मिलिमीटर लांब. डोक्याशी फुगे आलेले, ते मेंदूचे भाग. बाजूला वाटीसारखे वळत असलेले डोळ्यांचे फुगवटे. उजव्या बाजूला बाहेर आलेलं हृदय, ते चालू झालेलं असतं. त्याच्या मागे मधली नळी, आणि नळीच्या दोन्ही अंगांना चौकोनी ठोकळ्यांच्या जोड्या, त्या सोमाइट. यातून पुढे मणके आणि पाठीचे स्नायू होतात. त्या मोजूनच भ्रूणाचं वय ठरवायचं असतं. तासांवर विसंबून चालत नाही, कारण प्रत्येक अंड्याची सुरुवात वेगळी असते. हँबर्गर आणि हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये दिलेला तक्ता आमच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवलेला होता. १९ सोमाइट म्हणजे अवस्था १३, साधारण ४८ ते ५२ तास. बटेरला तीच अवस्था गाठायला थोडे कमी तास लागतात, म्हणून तिची अंडी नंतर ठेवायची. दोन्हीकडे सोमाइटची संख्या जुळली पाहिजे, नाहीतर कलम निरर्थक.

मी पंखाच्या पट्ट्यात कलम करायचं ठरवलं होतं. या वयात सगळ्यात मागच्या, नुकत्याच पडलेल्या चार-पाच सोमाइट म्हणजे पुढे पंख येतो तो भाग, आणि तिथल्या न्यूरल क्रेस्टच्या पेशी अजून निघालेल्या नसतात. वेळ महत्त्वाची ती यासाठी. पेशी निघून गेल्यावर नळी बदलली तर काहीच हाती लागत नाही.

सुई आम्हीच केली. टंगस्टनची तार सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात बुडवून थोड्या व्होल्टेजचा प्रवाह सोडला की टोक झिजत झिजत डोळ्याला दिसेनासं होतं. भ्रूणावरचा पातळ पडदा त्या टोकानं फाडायचा. मग नळी आणि सोमाइट यांच्या मधल्या फटीत सुई घालून एका बाजूनं सोडवत जायचं, मग दुसऱ्या बाजूनं. खाली पृष्ठरज्जूला (नोटोकॉर्ड, नळीखालचा आधाराचा दांडा) धक्का न लावता नळीचा तुकडा उचलायचा. खाली दोन्ही बाजूंना मोठ्या रक्तवाहिन्या असतात. सुई थोडी खोल गेली की काळ्या शाईवर लाल धार येते आणि ते भ्रूण संपलं. श्वास रोखून काम केलं तर हात जास्त थरथरतो. श्वास सोडताना सुई हलवायची, हे मला मॅडमनी शेजारी बसून दाखवलं. त्यांचा हात या वयातही अतिशय स्थिर आहे.

बटेरचं भ्रूण वेगळ्या बशीत काढून पॅन्क्रिएटिनच्या द्रावणात थोडा वेळ ठेवलं की ऊती एकमेकींपासून सुटायला लागतात. नळी सोमाइटपासून अलगद वेगळी होते. लगेच सीरममध्ये बुडवून ते पाचक द्रव्य थांबवायचं. मग काचेच्या बारीक नळीनं तुकडा उचलून कोंबडीच्या भ्रूणातल्या मोकळ्या खाचेत सोडायचा. पुढचं टोक पुढे, पाठीची बाजू वर. ओळख राहावी म्हणून मी पुढच्या टोकाशी किंचित तिरका काप ठेवायचे. सुरुवातीला तुकडा खाचेत तरंगत राहतो. आजूबाजूचं पाणी हळूच शोषून घेतलं की तो खाली बसतो. तासाभरात कडा सांधायला लागतात. खिडकीवर चिकटपट्टी, पेन्सिलीनं तारीख आणि अवस्था, आणि अंडं परत मशीनमध्ये.

बहुतेक भ्रूण पहिल्या रात्रीच गेले. हे सगळ्यांचंच होतं, हात बसेपर्यंत. संक्रांत उलटली तशी जगणाऱ्यांची संख्या वाढू लागली. रात्री लाईट गेली तर इन्व्हर्टर इन्क्युबेटर किती वेळ ओढेल याची मला धास्ती असायची. प्रयोगशाळेतल्या काकांनी ती काळजी स्वतःकडे घेतली. "मी पाहून राहिलो ना मशीन, तू जाय घरी," असं म्हणून त्यांनी मला कितीदा पिटाळलं असेल. सकाळी यायचे तर त्यांनी रात्रीचं तापमान पाटीवर लिहून ठेवलेलं असायचं. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव मॅडमच्या खालोखाल आहे.

पहिला निकाल दिसला तो सूक्ष्मदर्शकाशिवाय. लेगहॉर्न पांढरी कोंबडी, तिच्या भ्रूणाला पिसांचे कोंब फुटतात ते बिनरंगाचे. बाराव्या दिवशी एका अंड्याची खिडकी उघडली तर दोन्ही पंखांवर आणि त्यांच्या मधल्या पाठीवर गडद करडे कोंब, आणि मान, शेपटीकडचा भाग स्वच्छ पांढरा. पाठीच्या मध्यावर बसवलेल्या केसाएवढ्या तुकड्यातून पेशी निघाल्या, कातडीखालून दोन्ही बाजूंना पंखाच्या टोकापर्यंत गेल्या आणि परक्या पक्ष्याच्या पिसात शिरून आपला रंग तयार करू लागल्या. मी मॅडमना बोलवायला अक्षरशः धावत गेले. काकाही आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "हे त बटेरचेच पंख हायत." त्यांनी विषय एका वाक्यात मांडला होता.

ज्या पेशींनी काही रंग केलेला नाही त्यांच्यासाठी मात्र फॉइलगेनशिवाय गत्यंतर नव्हतं. काही भ्रूण कलमानंतर दीड दिवसानं थांबवले, काही सहाव्या दिवसाला. कार्नॉयच्या द्रावणात स्थिर केले, मेणात घातले, पाच मायक्रॉनचे काप काढले. काप ६० अंशांच्या हायड्रोक्लोरिक आम्लात मोजून काही मिनिटं ठेवायचे. कमी ठेवले तर रंग चढत नाही, जास्त ठेवले तर डीएनएच विरघळतो. मग अंधारात शिफचं द्रावण. ते बिनरंगी असतं, बाटलीत पाण्यासारखं दिसतं, आणि कापावर मात्र केंद्रकं एकेक करून किरमिजी होत जातात.

शंभर पटीच्या तेलाच्या भिंगाखाली तो ठिपका पहिल्यांदा दिसला ते केंद्रक मला आजही काढून दाखवता येईल. कण्याशेजारच्या चेतागुच्छात, मोठ्या गोल केंद्रकाच्या मधोमध, गच्च, गडद. त्याच्या शेजारची आणि त्याच्याही पलीकडची केंद्रकं तशीच, सगळी बटेरची. गुच्छाबाहेरच्या कूर्चेत एकही ठिपका नाही, तिथे फक्त कोंबडीची धुरकट, विखुरलेली केंद्रकं. खाली महाधमनीच्या जवळ अनुकंपी चेतासंस्थेचा छोटा पुंजका, त्यात परत ठिपके. चेतातंतूंच्या लगत लांबोळक्या केंद्रकांमध्येही ठिपके, त्या श्वॉन पेशी. सुरुवातीला लिहिलेल्या तिघीही एका तुकड्यातून आलेल्या मला माझ्याच काचांवर दिसल्या.

पण सगळ्यात जास्त वेळ मी घालवला तो लवकर थांबवलेल्या भ्रूणांच्या उभ्या कापांवर. न्यूरल क्रेस्टच्या पेशी खाली उतरताना सोमाइटमधून जातात, आणि प्रत्येक सोमाइटच्या फक्त पुढच्या अर्ध्या भागातून जातात. मागच्या अर्ध्यात एफ्रिनसारखे रेणू असतात, ते त्यांना वाट देत नाहीत. हे वाचलेलं होतं. काचेवर मात्र ते पट्ट्यांच्या रूपात समोर होतं: ठिपक्यांचा पट्टा, रिकामा पट्टा, ठिपक्यांचा पट्टा, रिकामा पट्टा, कलमाच्या लांबीभर. आपल्या कण्यातून प्रत्येक दोन मणक्यांच्या मधून चेतांची एकेक जोडी बाहेर येते ती इतकी नियमित का, याचं कारण इथे आहे. चेतागुच्छांना स्वतःची मोजपट्टी नसते, सोमाइटच्या मोकळ्या वाटांनी ती त्यांना दिलेली असते. रंगपेशी होणाऱ्या पेशी या वाटेनं जात नाहीत. कोंबडीत त्या जवळजवळ एक दिवस उशिरा, कातडीच्या लगेच खालून निघतात.

माझी एक शाळेपासूनची मैत्रीण लहान मुलांच्या शल्यचिकित्सेत निवासी डॉक्टर आहे. रविवारी ती काचा बघायला आली. तिनं बराच वेळ भिंगातून पाहिलं आणि म्हणाली की या पेशी पोचल्या नाहीत तर काय होतं ते ती दर महिन्याला बघते. हिर्शस्प्रुंगचा आजार. नवजात बाळाला पहिल्या दोन दिवसांत शी होत नाही, पोट फुगतं. मानेजवळच्या पट्ट्यातून निघालेल्या न्यूरल क्रेस्टच्या पेशी अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पूर्ण आतडं चालून जातात आणि त्याच्या भिंतीत चेताजाळं विणतात. माणसात हा प्रवास चौथ्या ते सातव्या आठवड्यात होतो. वाट फार लांब, आणि आतडं त्याच वेळी वाढतही असतं. साधारण ५,००० जन्मांमागे एका बाळात त्या शेवटपर्यंत पोचत नाहीत. मग आतड्याचा तो शेवटचा भाग आकसलेलाच राहतो, त्यातून काही पुढे सरकत नाही. शस्त्रक्रियेत तो भाग काढून चेतापेशी असलेलं आतडं खाली ओढून जोडतात. बाळं बरी होतात, फक्त निदान वेळेवर व्हायला हवं. डेन्मार्कच्या हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये या आजाराचं वर्णन केलं तेव्हा फुगलेला भाग आजारी वाटत होता. दोष त्याच्या खालच्या, बारीक भागात असतो हे कळायला कित्येक दशकं गेली.

१९८१ मध्ये मुंबईच्या डॉ. के. एन. शहा आणि सहकाऱ्यांनी अशा काही नवजात बाळांची नोंद केली ज्यांचं आतडं या आजारानं बंद होतं आणि कपाळावर केसांची पांढरी बट होती, बुबुळांचा रंगही वेगळा होता. कपाळावरच्या बटीचा आतड्याशी काय संबंध? माझ्या काचांसमोर बसून विचार केला तर संबंध उघड आहे. रंगपेशी आणि आतड्यातल्या चेतापेशी एकाच मुरडीवरून निघतात, म्हणून सॉक्स१० सारखं एक जनुक बिघडलं की दोन्हीकडे माणसं कमी पडतात. वैद्यकाच्या पुस्तकांत हा आजार वार्डनबर्ग-शहा सिंड्रोम या नावानं आहे. आपल्या राज्यात, दवाखान्यातल्या बाळांकडे नीट बघून केलेलं हे निरीक्षण प्राणिशास्त्राच्या वर्गात शिकवलं जायला हवं असं मला मनापासून वाटतं.

उत्क्रांतीचं प्रकरण प्रबंधात मी शेवटी लिहिलं, पण वाचायला सर्वांत जास्त वेळ त्यालाच लागला. मागच्या काळात जाऊन कलम करता येत नाही. मग या पेशी आल्या कुठून? तिथे जिवंत नातेवाइकांकडे बघावं लागतं. समुद्राच्या वाळूत राहणारा अँफिऑक्सस आपला लांबचा चुलत भाऊ. त्याला नळी आहे, नळीचा काठ आहे, काठावर पॅक्स, एमएसएक्स, झिक ही पहिली फळीही आहे. पण दुसऱ्या फळीतली बहुतेक जनुकं त्या काठावर जागी होत नाहीत, आणि तिथून चालत निघणाऱ्या पेशी नाहीत. त्याला जबडा नाही, कवटी नाही, चेहरा म्हणावा असं काही नाही. त्याहून जवळचा नातेवाईक सायोना हा समुद्री जीव. त्याच्या अळीत काठावरून रंगपेशी तयार होतात, जागेवरच राहतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्या पेशींत ट्विस्ट हे जनुक चालू केलं तर त्या चालू लागल्या. आणि लँप्रे हा मासा, ज्याच्या पूर्वजांची वाट आपल्यापासून सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी फुटली, त्याला जबडा नसला तरी न्यूरल क्रेस्ट आहे. त्याच्या कल्ल्यांचा कूर्चेचा सांगाडा तिच्यातूनच होतो.

म्हणजे काठ जुना, जनुकं जुनी, रंग करण्याचं कामही जुनं. नवं घडलं ते हे की काठावरच्या पेशींना जागा सोडण्याची आणि जाऊन काहीही बनण्याची मुभा मिळाली. गॅन्स आणि नॉर्थकट यांनी १९८३ मध्ये मांडलं की पृष्ठवंशीयांचं डोकं ही मुख्यतः या पेशींनी उभारलेली नवी गोष्ट आहे, आणि पाणी गाळून खाणाऱ्या पूर्वजांपासून शिकार करणारे प्राणी झाले ते त्यामुळे. डोकं संपूर्ण नवं आहे हे आता तितकंसं मानलं जात नाही, अँफिऑक्ससच्या पुढच्या टोकातही मेंदूच्या पुढच्या भागाची चिन्हं सापडली आहेत. तरी जबडा आणि चेहरा या पेशींचाच, हा त्यांच्या विचाराचा गाभा मला पटतो. पटण्याचं मुख्य कारण २००३ चा एक प्रयोग, आमच्याच पद्धतीचा. श्नायडर आणि हेल्म्स यांनी बटेरच्या डोक्याची न्यूरल क्रेस्ट बदकाच्या भ्रूणात बसवली. त्या बदकाला बटेरची आखूड, टोकदार चोच आली. उलट केलं तर बटेरला बदकाची चपटी चोच. चोचीवरची कातडी यजमानाची, रक्तवाहिन्या यजमानाच्या, पण आकार कलमाचा. फिंचपासून बगळ्यापर्यंत चोचींची जी विविधता आपण बघतो, तिचा मोठा हिशेब या पेशींच्या आत लिहिलेला आहे. अंबाझरीला सकाळी पक्षी बघायला जाते तेव्हा आता माझं लक्ष चोचींकडेच जातं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी एकच लांब प्रश्न विचारला: ठिपका असलेली पेशी कलमातली हे मान्य, पण ती न्यूरल क्रेस्टमधली कशावरून, नळीच्या इतर भागातली कशावरून नाही? प्रश्न योग्य होता. उत्तर माझ्या काचांवर होतं. नळीच्या इतर भागातल्या पेशी नळीतच राहिल्या, तिथे पूर्ण मज्जारज्जू बटेरचा होता आणि त्याच्या सीमा स्वच्छ होत्या. उत्तर पुरं व्हावं म्हणून मी हेही सांगितलं की खात्रीसाठी पुढच्या टप्प्यात पूर्ण नळीऐवजी फक्त वरचा काठच कलम करायला हवा.

तो टप्पा आता माझ्यानंतरच्या वर्गातली एक विद्यार्थिनी करते आहे, आणि पंखाच्या पट्ट्यात नाही. तिनं पहिल्या सात सोमाइटच्या शेजारचा पट्टा घेतला आहे, आतड्यात जाणाऱ्या पेशींचा. कोंबडीत त्या आठव्या दिवसाच्या आसपास आतड्याच्या टोकाला पोचतात, म्हणून तिला अन्ननलिकेपासून शेवटपर्यंत सलग काप काढावे लागताहेत. मागच्या आठवड्यात ती गिझार्डपर्यंत, म्हणजे पक्ष्याच्या दळणाऱ्या जठरापर्यंत आली होती आणि तिथल्या स्नायूंच्या थरांमध्ये ठिपके होते.